खुबा दुखतोय, सुया टोचून घेऊ का?

रात्री नऊची मालिका संपली की सोलापूरहून मावशीचा फोन येतो. त्या दिवशी म्हणाली, "अगं, आमच्या मागच्या गल्लीत एक बाई सुया टोचतात. दहा सिटिंगमध्ये खुबा मोकळा होतो म्हणे. घेऊ का टोचून?"

"दुखतंय नेमकं कुठे?"

"खुब्यात! चार महिने तेच तर सांगतेय."

"खुब्यात म्हणजे कुठे? जांघेत, कडेला, की मागे कुल्ल्यात?"

पलीकडे शांतता. मग जरा रागानेच, "आता ते मी काय पट्टी लावून बघू?"

पट्टी नको, पण बोट ठेवून बघायला हवं. सुयांचा प्रश्न त्याच्या नंतरचा. ॲक्युपंक्चरला २०१९ साली केंद्र सरकारने स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून "आता तर सरकारमान्य आहे" असंही लोक सांगतात. दुसरीकडे मावशीचा मुलगा, "सगळी धूळफेक आहे" म्हणून मोकळा होतो. दोघांचंही थोडं बरोबर आहे आणि थोडं चुकतंय. कुठे, ते बघू.

## खुबा असतो तरी कुठे?

मांडीचं हाड वर जिथे संपतं तिथे त्याला चेंडूसारखा गोल माथा असतो. कमरेच्या हाडात त्याच्या मापाची वाटी असते आणि चेंडू त्या वाटीत सगळीकडे फिरतो. शाळेत आपण याला उखळीचा सांधा म्हणत होतो. गंमत अशी, की हा सांधा आपण कमरेवर हात ठेवून "इथे" म्हणतो तिथे नसतो. तो बराच आत, जांघेच्या घडीच्या मागे असतो.

म्हणून खुद्द सांधा झिजला की बहुतेकदा जांघेत दुखतं. कधी कळ मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते, आणि गुडघ्याला मलम चोळण्यात महिने जातात. मांडी घालून बसता येत नाही, पायाची नखं कापायला दुसरं कोणी लागतं, रिक्षातून उतरताना पाय आधी हाताने उचलून बाहेर ठेवावा लागतो. असा रुग्ण दुखणं दाखवताना एका बोटाने दाखवत नाही. अंगठा मागे आणि बोटं पुढे अशी कमरेच्या कडेला हाताची पकड घालतो. नुसत्या त्या पकडीवरूनही डॉक्टरांना अंदाज येतो.

कडेला हाताला लागतो तो हाडाचा उंचवटा वेगळा. तो मांडीच्या हाडाचाच भाग आहे, पण सांध्याच्या बाहेरचा. कुल्ल्याच्या स्नायूंच्या दोऱ्या तिथे येऊन चिकटतात. त्या दोऱ्या म्हणजे स्नायुबंध. त्यांना दुखापत झाली की त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना चढताना कळ येते, एका पायावर उभं राहून साडीची निरी किंवा पँट सावरताना जीव जातो. चाळिशीनंतरच्या बायकांमध्ये हे दुखणं फार आढळतं.

आणि मागे, कुल्ल्यात दुखत असेल तर मूळ पुष्कळदा कमरेच्या मणक्यात असतं. नस दाबली जाते वर आणि बोंब होते खाली.

भिंतीला ओल आली की आपण ताबडतोब रंगाऱ्याला बोलावत नाही. गच्ची गळते, आतला नळ पाझरतो, की शेजारच्यांच्या बाथरूमचं पाणी येतंय, हे आधी बघतो. 'खुबा दुखतो' ही नुसती ओल आहे. तिच्यावर सुया लागू पडतात का, हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. कसल्या दुखण्यावर, हे त्यात आलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मावशीने बोट ठेवून कळवलं: कडेला.

## सुई टोचली की आत काय होतं?

ॲक्युपंक्चरची सुई म्हणजे इंजेक्शनची सुई नव्हे. ती भरीव असते, आतून काही सोडायचं नसतं, आणि जाडी साधारण पाव मिलिमीटर. खुब्यासाठी ठरलेल्या जागांपैकी सर्वात प्रसिद्ध जागा कुल्ल्यावर आहे. तिचं चिनी नाव 'हुआनत्याओ', त्यात वर्तुळ आणि उडी असे दोन शब्द आहेत. तिथे मांस जाड, म्हणून सुईही लांब लागते, दोन-तीन इंचांची. सुया टोचून वीस-पंचवीस मिनिटं ठेवतात, मधूनमधून फिरवतात, काही ठिकाणी त्यांना विजेचा हलका प्रवाह जोडतात. जागा जड होते, झिणझिण्या येतात. जाणकार मंडळी याला चांगली खूण मानतात.

जुनं स्पष्टीकरण असं, की शरीरात 'छी' नावाची ऊर्जा ठरलेल्या वाटांनी वाहते, ती अडली की दुखतं आणि सुई ती वाट मोकळी करते. शवविच्छेदनात या वाटा कोणाला सापडलेल्या नाहीत. पण म्हणून सुईने काहीच होत नाही, असंही नाही. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो आणि कळ कमी होते. चोळण्याचा संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाला अडवतो. मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली मांडलेला हा सिद्धांत आजही वेदनाशास्त्राचा पाया मानला जातो. सुई टोचल्यावरही अशीच काही यंत्रणा हलते. मेंदू स्वतःची वेदनाशामकं सोडतो. उंदरांवरच्या एका प्रयोगात, २०१० साली, सुईच्या आसपास ॲडिनोसिन हे वेदना दाबणारं रसायन वाढलेलं दिसलं.

आता यातली अडचण बघा. नस कुठेही डिवचली तरी यातलं बरंचसं घडू शकतं. मग ती ठरलेली जागा, तो नकाशा, ते दहा सिटिंगचं गणित, याला अर्थ किती?

## खोटी सुई

औषध तपासायचं तर निम्म्या लोकांना खरी गोळी देतात, निम्म्यांना तशीच दिसणारी साखरेची. सुईचं काय करणार? टोचली की नाही हे माणसाला कळतंच.

जर्मनीतल्या संशोधकांनी १९९८ साली यावर मोठी नामी युक्ती काढली. नाटकात खंजीर छातीत खुपसतात तेव्हा पातं मुठीत सरकतं ना, तशी सुई. टोक बोथट, त्वचेला टेकलं की टोचल्यासारखं वाटतं, पण सुई आत न जाता दांड्यात शिरते. बघणाऱ्याला वाटतं, गेली आत. दुसरी युक्ती सोपी आहे: खरीच सुई, पण 'चुकीच्या' जागी आणि वरवर टोचायची. या दोन्हींना आपण खोटी सुई म्हणू.

याचा सर्वात बोलका आकडा खुब्याचा नाही, कंबरदुखीचा आहे. जर्मनीत ११६२ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००७ साली आले. सहा महिन्यांनी खऱ्या सुईवाल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना चांगला फरक पडलेला होता. खोट्या सुईवाल्यांपैकी ४४.२ टक्के लोकांना. आणि नेहमीचे औषध-व्यायाम घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्के लोकांना.

या तीन आकड्यांत सगळं भांडण आहे. पहिला आणि तिसरा बघितला तर सुया जिंकल्या. पहिला आणि दुसरा बघितला तर कुठे टोचलं याने फारसं काही बिघडत नाही. मावशी पहिली तुलना करते, तिचा मुलगा दुसरी.

## आणि खुब्याचं?

खुब्यावरचं संशोधन तुलनेने फारच थोडं आहे. वैद्यकीय चाचण्या गोळा करून चाळून बघणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली खुब्याच्या झिजेवरच्या चाचण्या एकत्र केल्या. सापडल्या सहा, रुग्ण मिळून ४१३. आपल्याकडे एका लग्नाच्या पंगतीला याहून जास्त पानं उठतात.

त्यातल्या दोनच चाचण्यांत खऱ्या सुईची खोट्या सुईशी तुलना होती, रुग्ण १२०. शंभर गुणांच्या वेदनेच्या पट्टीवर खऱ्या सुईने मिळालेला जादा आराम होता सुमारे दोन गुणांचा. एवढा फरक रुग्णाला जाणवतही नाही, आणि तो योगायोगाने आलेला नाही असंही छातीठोक सांगता येत नाही. यातली एक चाचणी जर्मनीत ६७ रुग्णांवर झाली होती. दोन्ही गटांना खुब्याच्या आसपासच सुया टोचल्या, एका गटाला शास्त्रोक्त जागी आणि दुसऱ्याला जागा सोडून. दोन्ही गट सुधारले, जवळपास सारखेच.

मात्र १३७ जणांच्या आणखी एका चाचणीत तुलना निराळी होती: नेहमीच्या उपचारांच्या जोडीला सुया, विरुद्ध नुसते नेहमीचे उपचार. इथे सुयांचा गट चांगलाच पुढे राहिला. पण आपल्याला सुया मिळताहेत हे त्या गटाला माहीत होतं आणि आपल्याला मिळत नाहीत हे दुसऱ्याला. कॉक्रेनचा निष्कर्ष असा, की झिजलेल्या खुब्यावर ॲक्युपंक्चरचा खोट्या सुईपेक्षा वेगळा परिणाम बहुधा नाहीच किंवा अगदी नगण्य आहे, आणि नेहमीच्या उपचारांच्या जोडीने दिसलेला फायदा निदान काही अंशी तरी अपेक्षेतून आलेला असावा.

जर्मन सरकारी विम्याने २००७पासून जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चरचा खर्च द्यायला सुरुवात केली. खुबा त्या यादीत नाही.

## "पण मला फरक पडला, त्याचं काय?"

पडला असणारच. खोटं कोण बोलतंय?

सांध्याचं दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं. माणूस उपचाराला जातो तो भरती ऐन टोकाला असताना, "आता सहन होत नाही" म्हणून. त्यानंतर काही केलं नाही तरी पाणी थोडं उतरणारच असतं. मधल्या काळात जे केलं त्याला श्रेय मिळतं. सुया टोचल्या तर सुयांना, नारळ फोडला तर देवाला.

त्यात दहा वेळा कोणीतरी अर्धा तास शांतपणे ऐकून घेतं, नेमक्या दुखऱ्या जागी हात लावतं, पडून राहायला सांगतं. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत दोन मिनिटं मिळतात. अपेक्षा आणि आस्था यांनीही मेंदूतली तीच वेदनाशामक यंत्रणा चालू होते, त्यामुळे हा आराम 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. दुखणं कमी झालं म्हणजे झालं. फक्त त्याने कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, परत उगवत नाही. "सुयांनी गादी भरून येते" असं कोणी सांगत असेल तर तिथून उठावं.

ॲक्युपंक्चरवाल्यांची एक हरकत मात्र मला रास्त वाटते. खोटी सुईही त्वचेला डिवचतेच, म्हणजे ती साखरेच्या गोळीइतकी निरुपद्रवी नाही, मग तिच्याशी बरोबरी झाली तर आम्ही नापास कसे? मुद्दा बिनतोड आहे. वीस हजारांहून जास्त रुग्णांच्या ३९ चाचण्यांचा एकत्र हिशोब २०१८ साली झाला, त्यात पाठ, मान, खांदा, सांधे आणि डोकेदुखी असे निरनिराळे जुनाट त्रास होते, आणि खरी सुई खोटीपेक्षा थोडी का होईना, पुढेच निघाली. पण हरकत मान्य केली की तिचा दुसरा अर्धाही मान्य करावा लागतो: मग नकाशा आणि वाटा यांचं महत्त्व फार उरत नाही.

## "मग अमेरिकेतले डॉक्टर शिफारस का करतात?"

करतात, हे खरं आहे. तिथल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली गुडघा, खुबा आणि हाताच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केली, पण 'सशर्त'. म्हणजे रुग्णाला हवं असेल तर हरकत नाही, इजा फारशी नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ साली तोच पुरावा वाचून झिजेसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असं सांगितलं. खोट्या सुईपुढे खऱ्या सुईचा पुरेसा फायदा त्यांना दिसला नाही. याच नाइसने २०२१ साली दुसऱ्या एका प्रकारच्या, ठोस कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी मात्र ॲक्युपंक्चरचा विचार करावा असं म्हटलंय. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं.

## "आपल्या कोटणीसांनीच आणलं ना ते?"

सोलापुरात हे ऐकायला मिळणारच. मूळचे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. पण ते शल्यचिकित्सक होते, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्यात रुजवलं. पुढे या कामाला कोटणीसांचं नाव जोडलं गेलं, म्हणून हा घोळ.

असाच घोळ अमेरिकेत झाला. जेम्स रेस्टन या पत्रकाराचं १९७१ साली बीजिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, नेहमीसारखी भूल देऊन. सुया टोचल्या त्या नंतर, पोटातल्या वायूच्या त्रासासाठी. लोकांनी गोष्ट अशी फिरवली, की नुसत्या सुयांवर पोट फाडलं.

आणि 'हजारो वर्षांची परंपरा' म्हणाल तर खुद्द चीनच्या बादशहाने १८२२ साली शाही वैद्यक संस्थेतून ॲक्युपंक्चर हद्दपार केलं होतं. पद्धत जुनी आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

## सुयांच्या आधी फोटो कोणाला हवा?

माझ्या मते खरा धोका सुईत कमी आणि सुईपायी गेलेल्या वेळात जास्त आहे.

खुब्याच्या चेंडूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या तुटपुंज्या असतात. तो पुरवठा तुटला की हाड आतून मरतं आणि चेंडू चेपतो. याला डॉक्टर एव्हीएन म्हणतात. स्टेरॉइडचे मोठे किंवा लांबलेले डोस आणि अति दारू ही त्याची ठळक कारणं. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्या तीन रुग्णांना हे झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवलं होतं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्यात ऐन तारुण्यात खुबा असा जाऊ शकतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआय लागतो, आणि चेंडू वाचवायचा तर तो चेपण्याआधीच काही करता येतं. तिशीतल्या मुलाची जांघ दुखतेय आणि तो सहा महिने सुया टोचून घेतोय, ही गोष्ट म्हणून मला भीतिदायक वाटते.

तसंच, म्हातारं माणूस पडलं आणि पाय टेकवेना, तर आधी हाड मोडलंय का ते बघायचं. ताप आणि खुबा एकत्र असतील तर त्याच दिवशी दवाखाना. तरुण माणसाला पहाटे कुल्ल्यात दुखून जाग येत असेल, सकाळी अंग आखडत असेल आणि हिंडल्या-फिरल्यावर मोकळं वाटत असेल, तर तो मणक्याचा सांधेदाह असू शकतो. त्याच्यावर आता चांगली औषधं आहेत.

मावशीच्या कडेच्या दुखण्यासाठी तर सुयांहून भक्कम पुरावा असलेला उपाय होता, तोही जवळजवळ फुकट. ऑस्ट्रेलियात २०४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. काय टाळायचं हे समजावून व्यायाम शिकवलेल्या गटात आठ आठवड्यांनी ७७ टक्के लोक स्वतःला सुधारलेले मानत होते, स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्या गटात ५९ टक्के, आणि नुसती वाट बघणाऱ्यांत २९ टक्के. टाळायचं ते साधंच: एका पायावर भार देऊन तिरकं उभं राहणं, पायावर पाय टाकून बसणं. झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे लागतात, आणि ते रोज करावे लागतात. सुया लोकप्रिय का, याचं एक उत्तर इथे आहे. सुया दुसरा टोचतो.

## टोचून घ्यायच्याच असतील तर

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि नोंदणी करणारी परिषदही. टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारावा, त्यात संकोच कसला. सुई तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेली हवी आणि नंतर फेकलेली. उकळून पुन्हा वापरत असतील तर कावीळ बी आणि एचआयव्हीचा प्रश्न येतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा कृत्रिम खुबा बसवलेला असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

जर्मनीत सुमारे २ लाख २९ हजार रुग्णांची नोंद ठेवली, तेव्हा ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, बहुतेकांना नुसतं रक्त आलं किंवा काळंनिळं पडलं. गंभीर इजा अगदी मोजक्या. कुल्ल्यावरच्या त्या जागेखालून पायाची सर्वात मोठी नस जाते, म्हणून पायात विजेसारखी चमक गेली तर गप्प न बसता लगेच सांगावं.

आणि सुरू करण्याआधी दुखण्याला दहापैकी गुण देऊन ते लिहून ठेवावेत. पाच-सहा सिटिंगनंतर आकडा हलला नसेल तर पुढचे पैसे वाचवावेत.

मावशीने हे एवढं मात्र मनावर घेतलं. कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी तिचे आकडे आहेत: पहिल्या दिवशी आठ, तीन आठवड्यांनी पाच, परवा चार. पण सुया आणि गुडघ्यांमधली उशी तिने एकाच सोमवारी सुरू केली होती. ती म्हणते सुयांनी, मुलगा म्हणतो उशीने, आणि कॅलेंडरवरून काही ते कळत नाही.